अक्कानं काढून घेतलेलं सूप

तांदूळ निवडण्यात माझा हात धरणारी बाई रामनगरात नव्हती. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघायची तर जन्म जाईल. सुपावर नुसती नजर फिरवली की खडा मला दिसायचाच. नात्यात कुठंही बारसं असलं की निवडायला ये म्हणून निरोप यायचा, आणि मी हौसेनं जायची.

हौसेमागं कारण होतं. माझी दोन बाळं पोटातच गेली. आमच्यात अशा बाईला बारशाला येऊ नको असं कोणी म्हणत नाही. ती आपणच पाळण्यापासून लांब, स्वयंपाकघराच्या दाराशी बसते. हातात सूप असलं की लांब बसल्यासारखं वाटत नाही, कामात असल्यासारखं वाटतं.

माझी सख्खी मोठी बहीण कॅसलरॉकला असते. आई गेल्यावर माझ्या वेण्या अक्कानंच घातल्या. तिला नात झाली तेव्हा माझं काही खरं नव्हतं. झोप नाही, तोंडाला चव नाही, शिवणाच्या मशीनवर बसलं की एकच शिवण घालायची आणि उसवायची. तरी बाराव्या दिवशी गेले. सकाळीच दाराशी बसून सूप हातात घेतलं. थोड्या वेळानं अक्का आली आणि चारचौघींत म्हणाली, ‘‘आण ते सूप हिकडं.’’ माझ्या हातातून काढून तिनं ते शेजारणीला दिलं. कोपऱ्यातली एक बाई हसली.

एवढंच मला आठवत होतं. डोकं दुखतंय म्हणून मी न जेवता बस धरली. वाटेत जंगल कधी आलं नि कधी गेलं कळलं नाही. एवढी एकच जागा माझी होती, ती माझ्या बहिणीनंच काढून घेतली होती.

त्यानंतर वर्षभर मी तिचा फोन उचलला नाही. भेटेल त्याला सांगायची की सख्ख्या बहिणीनं दगा दिला. नवरा एकदा भीत भीत म्हणाला, ‘‘आगं, कायतर कारण असंल की.’’ त्याला असं झाडलं की तो चहा तसाच टाकून उठला.

त्यानंच मला बेळगावला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, हे नैराश्य आहे. या आजारात लक्ष वाईटाकडं ओढलं जातं आणि तिथंच चिकटून बसतं. समोर चांगलं घडत असलं तरी ते ध्यानात राहत नाही. मी म्हटलं, ‘‘माझी नजर चांगली आहे, मी खडे निवडते.’’ ते हसले. रामनगर येईपर्यंत मी त्या हसण्यावरच कुढत राहिले. गोळ्या मात्र घेतल्या.

गेल्या महिन्यात बाळ वर्षाचं झालं. बोलावणं होतं, मी गेले नाही. संध्याकाळी भाच्याच्या बायकोनं बारशाचा जुना व्हिडिओ पाठवला. मी तो आनंदानं उघडला नाही. माझा अपमान त्यात असणार, तो नवऱ्याला दाखवायचा, म्हणून उघडला.

व्हिडिओत अक्का येते. तिच्या एका हातावर बाळ आहे. ती वाकते, ‘‘आण ते सूप हिकडं’’ म्हणते, आणि पुढं म्हणते, ‘‘पयलं धाकट्या आज्जीच्या मांडीवर.’’ आणि पाळण्यात घालायच्या आधी, सगळ्यांदेखत, बाळाला माझ्या मांडीवर ठेवते. कोपऱ्यातली बाई हसते ती बाळाच्या जांभईला. माझे हात दोन्हीकडं तसेच पडलेले आहेत. मी शेजारणीकडच्या सुपाकडं बघतेय. बाळ रडायला लागतं. अक्का थांबते, माझ्या तोंडाकडं बघत बराच वेळ थांबते, आणि मग त्याला उचलते.

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. त्या बाळाचं वजन मला आठवत नाही. ते माझ्या मांडीवर होतं हेच आठवत नाही. वर्षभर मी अक्काला दगाबाज म्हटलं, आणि दगा दिला तो माझ्याच डोळ्यांनी, ज्यांचा मला एवढा तोरा होता त्यांनी. बहिणीवर रुसता येतं, तिच्याशी बोलणं टाकता येतं. या डोळ्यांवर कसं रुसायचं? मी रडले, पण त्याहून जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेले. दार अक्कानंच उघडलं. ‘‘आलीस व्हय,’’ एवढंच म्हणाली. मला तिच्या कपाळावरची आठी दिसली. तेवढ्यात मागून बाळ पावलं टाकत आलं, मला बघितलं आणि भोकाड पसरून अक्काच्या लुगड्यात शिरलं. झालं, माझे पाय उंबऱ्याबाहेरच थांबले. अक्का काहीतरी बोलत होती. मला फक्त रडणं ऐकू येत होतं.

मी परत फिरणारच होते. पण ते व्हिडिओतले माझे पडलेले हात आठवले, म्हणून लाज सोडून विचारलं, ‘‘अक्का, आत्ता काय म्हणालीस? मला ऐकूच आलं न्हाई.’’

‘‘दोन दिस ऱ्हा म्हटलं,’’ अक्का म्हणाली, ‘‘मग पोरगी येतीया बघ मांडीवर.’’