साडेसातीपुरता कुत्रा

'सोडण्याचे कारण' या रकान्यात सरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'साडेसाती संपली.' मी फॉर्म दोनदा वाचला.

"कुणाची?" मी विचारलं.

"माझी. मकर रास. सुटलो बघा एकदाचा."

मी सरकारी पशुवैद्यक होतो. रिटायर झाल्यापासून लातूरबाहेर सोडलेल्या जनावरांचं एक शेल्टर सांभाळतो. इथे 'सरेंडर' नावाचा प्रकार असतो. म्हणजे मालकाने लिहून द्यायचं, की हे जनावर आजपासून माझं नाही, तुमचं. कारण म्हणून बहुतेक लोक बदली लिहितात, नाहीतर घरात कुणाला तरी अ‍ॅलर्जी. ही अ‍ॅलर्जी कुत्रा म्हातारा झाल्यावरच कशी सुरू होते, यावर कुणीतरी पीएचडी करायला हरकत नाही. सर मात्र प्रामाणिक निघाले. फिजिक्स शिकवतात ते. लातुरात फिजिक्सच्या सरांना काय मान असतो, हे ज्यांची मुलं मेडिकलच्या 'नीट'ला बसलीत त्यांना सांगायला नको.

साडेसाती लागली तेव्हा एका महाराजांनी त्यांना काळा कुत्रा पाळायला सांगितलं होतं. दर शनिवारी त्याला स्वतःच्या हाताने तेल लावलेली भाकरी घालायची. सरांनी रस्त्यावरचं एक काळं पिल्लू उचललं आणि एक शनिवार न चुकवता उपाय केला. आता ग्रह पुढच्या राशीत सरकला, तसा सरांनी काळूला आमच्याकडे सरकवला.

"आजारी आहे का?"

"छे हो. एकदम ओके. पण आता त्याचं काम नाही ना काही."

काळूच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते. या वयाचा गावठी कुत्रा दत्तक घ्यायला कुणी येत नाही. मला संताप आला. पण नाही म्हणालो तर हे गृहस्थ नांदेड रोडला कुठेतरी गाडी थांबवून मागचं दार उघडतील, हेही माहीत होतं. म्हणून सही घेतली. सर मागे वळून न बघता गाडीत बसले.

पहिल्या दिवशी काळू जेवला नाही. त्यात नवल नव्हतं, नव्या जागी बहुतेक कुत्री एखादा दिवस रुसतात. दुसऱ्या दिवशी चिकन-भात ठेवला. तिसऱ्या दिवशी उकडलेली अंडी. तो गेटकडे तोंड करून पडून राहिला. ताप बघितला, दात बघितले, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. आमच्या भाषेत याला अ‍ॅनोरेक्सिया म्हणतात. म्हणजे जेवत नाही. एवढं कळायला मी पाच वर्षं कॉलेजात घालवली होती.

चौथ्या दिवशी सलाईन लावली. जनावरांचं खाणंपिणं आमच्या रुक्मिणबाई बघतात. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाब, असंच ऱ्हायलं तर हे जगत न्हाई बरं का."

ते मलाही दिसत होतं. मी सरांना फोन लावला.

"उद्या शनिवार आहे. भाकरी घेऊन या. तुमच्या हातची सवय असेल त्याला."

"अहो, पण आता गरज नाही त्याची. आणि उद्या माझी टेस्ट सिरीज आहे."

"बरं, राहू द्या. तुमच्या नावाने पाळलेला काळा कुत्रा उपाशी मेला तर काय होतं, ते तेवढं महाराजांना विचारून घ्या. आमच्या सिलॅबसला नव्हतं."

शनिवारी मी गेट उघडायला गेलो, तर सर आधीच बाहेर उभे. भाकरीला तेल जरा जास्तच लावलं होतं. काळूने त्यांना ओळखलं, शेपटी दोनदा हलवली, भाकरी हुंगली आणि मान परत खाली टाकली.

सर चक्रावले. "असं कसं? इतकी वर्षं माझ्याच हातून खाल्लीय यानं."

"शनिवारी," मी म्हणालो. "बाकीचे सहा दिवस कोण घालायचं?"

सर भाकरीकडे बघत राहिले. "मिसेस."

"मग त्यांना बोलवा."

"तिला माहीत नाही. मुरुडला मित्राच्या शेतावर राखणीला ठेवलाय, असं सांगितलंय मी."

इथे चूक माझीही होती. मालकाची सही घेतली, पण मालक कोण हे विचारलंच नव्हतं. गाडीतून उतरेल तो मालक, ही माझी सरकारी नोकरीतली जुनी खोड.

"तुम्ही फोन करता की मी करू?" मी विचारलं. सरांनी केला. बराच वेळ ते फक्त 'हो' म्हणत होते.

अर्ध्या तासात बाई रिक्षाने आल्या. हातात स्टीलचा डबा. नवऱ्याकडे बघितलंही नाही, सरळ काळूजवळ फरशीवर बसल्या.

"जेवला न्हाईस व्हय रे? कुणावर रुसलास?" असं म्हणत त्यांनी दुधात कुस्करलेली भाकरी तळहातावर घेतली.

काळूने मान उचलली. पहिला घास खाल्ला, मग दुसरा, मग डब्यातच तोंड घातलं. बाई रडत होत्या. रुक्मिणबाईही डोळे पुसत होत्या. मी सलाईनची बाटली निरखून बघत होतो. ती कधीच संपलेली होती.

सर खाकरले. "अगं, साडेसाती संपली म्हणून मी..."

"तुमची संपली असंल," बाई न वळता म्हणाल्या. "माझी हितं उभी हाय."

सरांनी भाकरीचा कागद घडी करून खिशात घातला. बाईंनी पट्टा हातात घेतला आणि मला म्हणाल्या, "घरी घेऊन चालले मी याला. कागदबिगद काय असंल ते यांच्याकडून लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. सर गाडी चालवत गेले. मागच्या सीटवर बाई आणि काळू, सरांच्या शेजारची सीट रिकामी.

तेव्हापासून कुणी जनावर सोडायला आलं, की मी आधी विचारतो, याला रोज जेवायला कोण घालतं? त्या माणसाला घेऊन या, मग फॉर्म देतो. बरेच जण परत येतच नाहीत.