सिस्टर सुमनचं हळदीचं निशाण

बुऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्यातली सुमन महाजन डूख धरायची. लहानपणी शेजारणीनं तिची चिंध्यांची बाहुली चुलीत घातली, तर हिनं त्या घरचा तिळगूळ पुन्हा कधी हातात घेतला नाही. आई म्हणायची, "नागीण परवडली, पण ही पोरगी नको." फौजेत नर्स झाली तेव्हा गल्लीनं नाकं मुरडली. सुट्टीवर आली की तीच गल्ली तिला नाडी दाखवायला यायची.

सत्तावन्न साली, आमची राजधानी नागपूरहून भोपाळला जाऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, सुमन, व्हिएतनामच्या युद्धबंदीवर देखरेख करायला गेलेल्या आपल्या जवानांना सायगावहून मुंबईला आणणाऱ्या जहाजावर होती. जोडीला वयानं धाकटी नर्स शोभा, बुऱ्हाणपूरशेजारच्या नेपानगरची. दोघी आपल्या बोलीत बोलायच्या, भांडायच्याही. सिंगापूर सोडलं आणि फ्लूची साथ जहाजात शिरली.

आजारी जवानांना सुमननं वरच्या डेकवर वेगळं काढलं, भांडी उकळायला लावली. खलाशांच्या बाबतीत मात्र कप्तान अनंतराव आडवे आले. तळाशी बॉयलरपुढं कोळसा ओढणारे तापानं फणफणले होते.

"त्यांना निजवलं तर जहाज कोण चालवणार? तुम्ही?" कप्तान म्हणाले. मुंबईच्या धक्क्यावर त्यांचा सत्कार ठरला होता. उशीर होऊन कसं चालेल!

मग शोभाच त्या भट्टीत उतरू लागली. पाणी पाजायची, अंग पुसायची, आणि एक दिवस तीच वर आली ती धापा टाकत. ताप छातीत उतरला. सुमननं जंग जंग पछाडलं, पण पोरगी हाती लागली नाही. ताडपत्रीत शिवून तिला समुद्रात सोडलं.

सुमन रडली नाही. तिनं कोणाला न विचारता सगळे आजारी खलाशी वर आणले. धडधाकट जवान आपणहून खाली उतरले आणि कोळसा ओढू लागले. मग ती कप्तानांपुढं उभी राहिली. "हारापायी पोरगी खाल्ली तुम्ही. तो हार तुमच्या गळ्यात पडू देनार नाई मी."

मुंबई जवळ आली. जहाजावर साथ असेल तर पिवळं निशाण चढवायचं, म्हणजे बंदराचा डॉक्टर आधी येतो आणि तोवर कोणी उतरत नाही. कप्तानांनी निशाण कपाटात घालून किल्ली खिशात ठेवली. त्यांना वाटलं, मिटलं.

पण बुऱ्हाणपुरात घरात माता निघाली, म्हणजे कोणाला देवी आल्या, की दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधतात, मग पाहुणा उंबऱ्यावरूनच मागं फिरतो. समुद्रात लिंब कुठून आणायचा? सुमन भटारखान्यात गेली, हळदीचा डबा पातेल्यात रिकामा केला आणि त्यात पलंगावरची चादर बुडवली. ओली, गळती चादर तिनं कठड्यावरून सोडली. बंदरावरच्या दुर्बिणींना ती दिसली आणि डॉक्टरची लाँच निघाली.

जहाज बाहेरच अडवलं. बँड परत गेला. धक्क्यावर हार वाळले. कठड्याशी उभी राहून सुमन ते बघत होती आणि तिला बरं वाटत होतं. अगदी पोटातून बरं वाटत होतं.

तिथं अडकून पडले असतानाच कप्तानांना ताप चढला. तोही छातीत उतरला. सुमन उशाशी बसली, ओल्या पट्ट्या बदलत राहिली, चमच्यानं पेज भरवत राहिली. कोणालाही वाटावं, बाईचा राग निवळला.

शुद्धीवर आल्यावर अनंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सिस्टर, मी तुमचा एवढा गुन्हेगार. मला का वाचवलंत?"

सुमननं त्यांचं तोंड पुसलं, उशी सारखी केली.

"मेले असते तर सुटले असते तुम्ही," ती म्हणाली. "आता म्हातारं व्हा. रोज सकाळी उठा, अन् रोज शोभाची आठवन काढा. प्या, पेज थंडी होऊ राह्यली."