बंद लाईनीतला करंट

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. कोणत्या ठाण्यात किती महिने होतो, हे मला बायकोला विचारावं लागतं. पण केसांत कडब्याची पाती अडकलेली, एक हात गळ्यात बांधलेला, अशा अवस्थेत माझ्या टेबलासमोर उभा राहिलेला तो लाईनमन अजून जसाच्या तसा दिसतो.

मी तेव्हा बागलाण भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एप्रिल संपत आला होता. दुपारी ठाणे अंमलदार त्याला आत घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, हे जीवे मारण्याचा प्रयत्न म्हणून गुन्हा नोंदवा म्हणतात."

"कोणी मारलं?"

"करंटनी," लाईनमन म्हणाला.

प्रकार असा घडला होता. नामपूरच्या पुढे आमच्या हद्दीत एक मोठं गाव होतं. तिथला पुरवठा डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवरून, बंद करून हा गडी खांबावर चढला होता. लाईन बंद असल्याची खात्री त्याने स्वतः केली होती. काम सुरू असताना अचानक तारेत करंट आला आणि तो झटक्यासरशी खाली फेकला गेला. खाली कोणीतरी कडब्याची गंज रचून ठेवली होती, म्हणून जीव वाचला. तळहात भाजला होता आणि खांदा निखळला होता.

"साहेब, मी फ्यूज काढून खिशात घातले होते. खिशात! मंग करंट आला कुठून? त्या गावात माझे लय दुश्मन हाय."

मी त्याला संशयितांची नावं लिहून द्यायला सांगितलं. ही माझी चूक झाली. उजवा हात गळ्यात असल्याने तो सांगत गेला आणि आमचा शिपाई लिहीत गेला. ज्यांचं कनेक्शन त्याने कापलं ते सगळे, ज्यांचा वीजचोरीचा आकडा काढला ते सगळे, शिवाय सरपंच, पिठाच्या गिरणीचा मालक आणि स्वतःचा साडू. दोन पानं भरली तेव्हा शिपायाने पेन खाली ठेवलं.

"साडू कशासाठी?" मी विचारलं.

"तो माझ्याशी गोड बोलतो, साहेब."

वीज कंपनीच्या तरुण अभियंत्याला मी बोलावून घेतलं. त्याने खांब पाहिला, डीपी पाहिली आणि सरळ सांगितलं, "सर, हा उलटा करंट आहे. गावात कोणीतरी जनरेटर चालवतंय. तो घरात जोडताना मेन स्विच खाली केला नाही, तर त्याची वीज आमच्या लाईनीत शिरते." मग लाईनमनकडे वळून त्याने विचारलं, "काम सुरू करण्याआधी तारा शॉर्ट करून अर्थ केल्या होत्या का?" लाईनमन माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावात चौकशी सुरू केली. तिथे आमची दोन खोल्यांची पोलीस चौकी होती आणि तिथला हवालदार सात वर्षं तिथेच होता. माणूस मनमिळाऊ, गावातली खडान्‌खडा माहिती असलेला. त्याला घेऊन मी घरोघर फिरलो. जनरेटर कुणाकडेच नव्हता. जबाब सगळे सारखेच. "आम्हाले काय म्हाईत, साहेब?"

एक गोष्ट मात्र खटकली. खेड्यात सरकारी माणूस दिसला की लोक विषय कुठलाही असो, लाईटवर येतात. खुनाच्या पंचनाम्याला गेलो तरी एखादा पंच सही करता करता म्हणतो, साहेब, तेवढं लाईटचं बघा. या गावात भर उन्हाळ्यात, रोज भारनियमन असताना, एकाही माणसाने लाईटबद्दल चकार शब्द काढला नाही. ज्या गावाची तक्रारच नाही, त्या गावात भानगड असते, हे मला अनुभवाने ठाऊक होतं. पण भानगड कुठे, ते कळत नव्हतं.

खबर दिली ती एका मावशींनी, आणि तीही नकळत. मी चौकीबाहेर जीपमध्ये बसत होतो, तेवढ्यात त्या स्टीलचा डबा घेऊन आडव्या आल्या.

"साहेब, मन्हा पापड काया व्हई ग्यात."

डब्यात उडदाचे पापड होते आणि प्रत्येकावर काळे ठिपके. त्यांच्या बचत गटाने घातलेले सगळे पापड असेच झाले होते. दुसऱ्या आळीतल्या गटाने मत्सरापोटी वरून काहीतरी टाकलं, असा त्यांचा आरोप होता आणि त्या गटाच्या अध्यक्षीणबाईंना मी ताबडतोब ठाण्यात बसवावं, अशी मागणी होती. हवालदार त्यांना बाजूला करू लागला. मी एक पापड हातात घेतला, ठिपका बोटाने घासला आणि वास घेतला. तेलकट काजळी. जळक्या ऑईलचा वास.

"मावशी, पापड वाळत कुठे घातले होते?"

"धाब्यावर, घरना वर. दुसरं कोठे?"

दुपारचं वारं पश्चिमेकडून येत होतं. त्या बाजूला गावाबाहेर एक बंद पडलेलं पोल्ट्रीचं शेड होतं. मी हवालदाराला विचारलं, तिथे काय चालतं?

"काहीच नाही साहेब," तो लगेच म्हणाला. "कोंबड्या मेल्या तेव्हापासून बंद आहे. कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

चौकशीत पटकन आलेल्या उत्तराकडे मी नेहमी दोनदा पाहतो. त्या वेळी पाहिलं नाही. आपल्या माणसावर संशय घ्यायला वेळ लागतो.

मी अभियंत्याशी बोलून एक बेत ठरवला. कुणालाही न कळवता त्याने एक वाजता गावाची डीपी बंद करायची. माझे दोन शिपाई साध्या कपड्यांत गावाच्या दोन टोकांना थांबतील आणि इंजिनाचा आवाज कुठून येतो ते ऐकतील. एरवी खेड्यात इंजिनाचा आवाज कुणाच्या कानात शिरत नाही. विहिरीवरचं असेल म्हणून माणूस पुढे जातो. मी स्वतः रजिस्टर तपासायच्या निमित्ताने चौकीत जाऊन बसलो. हवालदारालाही मी काही सांगितलं नव्हतं.

बरोबर एक वाजता डोक्यावरचा पंखा थांबला.

हवालदार मला गावाची माहिती सांगत होता. तो बोलत राहिला. दोनेक मिनिटांनी लांबून धक-धक असा आवाज येऊ लागला. बोलता बोलताच तो उठला, भिंतीवरच्या बोर्डापाशी गेला आणि मेन स्विच खाली ओढला. कॅलेंडर बाजूला सरकवलं आणि त्यामागचं एक काळं बटण दाबलं. पंखा फिरू लागला. तो परत येऊन खुर्चीत बसला.

"तर काय सांगत होतो साहेब, या गावात जनरेटर कुणाकडेच नाही."

मी पंख्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही वर पाहिलं. त्या पंख्याने आपला घात केला, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटला. मग तो उठला, टोपी घातली आणि मला कडक सॅल्यूट ठोकला. दुसरं काय करावं हे त्याला सुचलं नसावं.

"साहेब, उन्हाळ्यात फार उकडतं इथं," तो म्हणाला.

चौकीच्या मागच्या खिडकीतून निघालेल्या वायरीच्या मागोमाग आम्ही निघालो. चिंचेवरून, कपडे वाळत घालायच्या तारेवरून, शाळेच्या कुंपणावरून ती थेट पोल्ट्रीच्या शेडात गेली. आत एक जुनं डिझेल इंजिन पिंपभर जळक्या ऑईलवर चालू होतं आणि धुराडं काळाभोर धूर ओकत होतं. शेजारी बाजेवर एक साठीपुढचे गृहस्थ चहा पीत बसले होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. गाव त्यांना आप्पा म्हणे. त्यांच्या मागे पुठ्ठ्यावर दरपत्रक टांगलेलं होतं. बल्ब, पंखा, टीव्ही, फ्रिज, गिरणी, प्रत्येकाचा महिन्याचा दर वेगळा. सबंध एक आळी त्यांची गिऱ्हाईक होती.

आप्पांचा जबाब मी ठाण्यात, अभियंत्यासमोर घेतला. त्यांना भीती अशी नव्हतीच.

"साहेब, मी चोरी केली का? कंपनीचं एक युनिट घेतलं असंल तर हातकडी घाला. उलट माझीच वीज त्यांच्या लाईनीत गेली म्हंता. मंग तिचं बिल कोन देनार?"

अभियंता लाल झाला. "आप्पा, वीज विकायला परवाना लागतो."

"दर बघा की आधी. तुमच्या बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधनाचा आकार. माझ्याकडं आकारच नाय. पंखा म्हंजे पंखा!"

"आणि हा धूर?"

"धूर तर एसटीचापन असतो."

मी विचारलं, "लाईनमन पडला त्या दिवशी इंजिन चालू होतं?"

आप्पांनी जरा आठवलं. "चालू होतं. पन एकदम खाकरलं आन बंदच पडलं. मला वाटलं ऑईलात पानी गेलं."

अभियंता पुढे सरकला. "सगळ्या गावाचा लोड एकदम इंजिनावर आला म्हणून ते बंद पडलं. म्हणून माणूस वाचला. आप्पा, कुणाचं तरी मेन वर राहिलं होतं."

ठाण्यातल्या चहाचा पेला आप्पांच्या हातात तसाच राहिला. खांबावरचा माणूस आपल्या विजेने पडला, हे त्यांना तोवर उमगलंच नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाले, "प्रत्येक घरात मी स्वतः चेंजओव्हर बसवला, साहेब. एका टायमाला एकच लाईन चालू ऱ्हाती. फक्त एका जागी बसवू दिला नाय."

"कुठे?"

ते दाराशी उभ्या असलेल्या हवालदाराकडे पाहत राहिले. "मी म्हनलं चेंजओव्हर लावतो. तर म्हनले, पोलिसाला शिकवू नको."

हवालदाराने कबूल केलं. त्या दुपारी तो बटण दाबत असताना फोन आला आणि मेन खाली ओढायचं राहून गेलं. सांगताना त्याला रडू आलं. लाईनमन त्याचा रोजचा चहाचा सोबती होता. दोन पानी यादीत हवालदाराचं नाव नव्हतं.

लाईनमनला हे कळलं तेव्हा तो खूप नाराज झाला. आपल्याला कोणी मुद्दाम मारायला निघालं नव्हतं, हे त्याला पटेना. "साडूचं काहीच नाय का?" त्याने दोनदा विचारलं.

हवालदारावर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. आमच्याच चौकीत आम्हीच पंचनामा केला. इंजिन जप्त करायला गेलो, तर अर्धं गाव आडवं आलं आणि सगळ्यांत पुढे त्या पापडवाल्या मावशी. इंजिन नेऊ नका म्हणत होत्या. मी म्हणालो, अहो, तुमचे पापड यानेच काळे केले. त्यांचं उत्तर तयार होतं. "त्याले सांगा धूर तिकडे सोड. पंखा नका बंद करू."

इंजिन गेलं. पुढे गावाला दिवसाची लाईट देणारा सौर प्रकल्प आला आणि आप्पा त्याच ठेकेदाराकडे देखरेखीला लागले. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा कुरकुरत होते. "यात आवाजच नाय, साहेब. चालू हाय का बंद, समजतच नाय."

माझंही प्रकरण संपलं नव्हतं. वरिष्ठांनी लेखी खुलासा मागवला: आपण त्या चौकीस वारंवार भेटी देऊन भेट पुस्तकात 'चौकी सुस्थितीत' असा शेरा दिला आहे. भारनियमनाच्या वेळी पंखा कसा चालू होता, याची चौकशी का केली नाही? मी खुलासा चार वेळा लिहिला. कामाचा ताण, बंदोबस्त, मनुष्यबळाची कमतरता, सगळं घातलं. चारही फाडले. शेवटी एकच ओळ पाठवली: 'उकडत होतं, म्हणून विचारलं नाही.'

मला ताकीद मिळाली आणि ती योग्यच होती. पण त्यानंतर आरोपी खोटं का बोलतात, हे मला पहिल्यापेक्षा बरं कळू लागलं. तोवर मी समजत असे की लोक फार मोठं काहीतरी लपवतात. बहुतेक वेळा खरं उत्तर फार लहान असतं, आणि ते तोंडातून निघायला चार कागद फाडावे लागतात.