जुळ्या रिळांची पूजा

ज्योतीराम जगदाळे मूळचे सातारा भागातले. देहूरोडच्या लष्करी डेपोत कोठारांची कुलपं सांभाळता सांभाळता त्यांचे केस पिकले. मी चिंचवडच्या शाळेत मास्तर; निवृत्त होऊन ते आमच्या चाळीत आले आणि माझे शेजारी झाले. १९७६ साली जवळच एक लहानशी कॉम्प्युटर कंपनी निघाली. ती चालवणाऱ्या साहेबांना टेपच्या खोलीवर भरवशाचा माणूस हवा होता. त्यांनी ज्योतीरामांना नेमलं.

आसपासच्या कारखान्यांची हजेरी, पगार आणि मालाचा हिशेब ही कंपनी ठेवी. मुली मशिनवर कार्डांना भोकं पाडत. कार्डांवरचा मजकूर यंत्रातून टेपच्या मोठ्या रिळांवर जाई. कारखान्यांनी विश्वासानं दिलेली माहिती होती ती, म्हणून नियम कडक होते. खोलीला लोखंडी दार आणि दाराला दोन कुलपं. एक किल्ली साहेबांकडे, दुसरी ज्योतीरामांकडे. दोघं असल्याशिवाय दार उघडायचं नाही. शिवाय प्रत्येक रिळाची नक्कल दापोडीच्या एका गोदामात ठेवायची, म्हणजे इथे काही बरंवाईट झालं तरी तिथे शिल्लक राहील.

दर शनिवारी ज्योतीराम सायकलला पत्र्याची पेटी बांधून दापोडीला जात. वाटेत चहालाही थांबत नसत. कार्ड पंच करणारी इंदुताई त्यांना चिडवायची, "काका, सोनं नेताय का काय?"

"तुमा पोरींची दुखलेली बोटं हायेत यात," ते म्हणत आणि पेटीची दोरी पुन्हा एकदा ओढून बघत. नकलेला ते 'धाकटी' म्हणत. थोरली चिंचवडला, धाकटी दापोडीला.

१९७९ ची खंडेनवमी आली. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी प्रत्येक मशिनला हळदकुंकू लागतं, अगदी हातगाडीलाही. कंपनीत सकाळपासून झेंडूची तोरणं चढत होती. ज्योतीरामांच्या मनात आलं, थोरलीची पूजा होणार आणि धाकटी तिकडे गोदामात बिनकुंकवाची राहणार, हे बरं नाही. कुणाला न विचारता ते दापोडीला जाऊन सगळ्या नकला पेटीत भरून घेऊन आले. दसऱ्याची सुट्टी झाली की परत नेऊन ठेवणार होते.

टेपच्या खोलीत दोन्ही संच शेजारी मांडले. समई लावली. साहेबांनी पेटी पाहिली, हसले, नमस्कार केला आणि नारळ फोडला. मग मुंबईची गाडी गाठायची म्हणून त्यांनी घाई केली. पूजेचा दिवा फुंकायचा नसतो, तो आपोआप शांत व्हावा, अशी ज्योतीरामांच्या घरची रीत. त्यांनी समईत थोडंच तेल ठेवलं होतं. दोघांनी आपापलं कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि निघाले.

संध्याकाळी पहारेकरी बबनरावांना दाराच्या फटीतून धूर दिसला. ज्योतीराम धावत आले, आपलं कुलूप काढलं. दुसऱ्याची किल्ली मुंबईच्या वाटेवर होती. बंबवाल्यांनी दार कापेपर्यंत आत माळा, लाकडी फळ्या, रिळं, सगळ्याची काळी रबडी झाली होती. ज्योतीरामांचे तळहात त्या तापलेल्या दारावर भाजले होते. आठवडाभर त्यांच्या बायको रुक्मिणीबाई त्यांना भरवत होत्या.

कंपनीचा विमा होता. पण नक्कल दुसऱ्या जागी ठेवलेली असली पाहिजे, ही त्यातली अट; दुरुस्तीसाठी कंपनीनं तात्पुरती आणवली तरच सूट. विम्याचे अधिकारी यायच्या आदल्या दिवशी बबनराव आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"जगदाळे, एवढंच सांगा, दुरुस्तीसाठी साहेबांनीच मागवली होती म्हणून. कोण बघतंय?"

"साहेबांनी मागवली न्हवती."

"त्यांनी पाहिली तर होती ना? मग गप बसले का?"

"त्यांचं त्यांनी सांगावं."

"अहो राव, मुलींच्या नोकऱ्या जातील."

ज्योतीराम पट्टी बांधलेल्या हातांकडे बघत राहिले. "व्हय, जातील," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरं तेच सांगितलं. पूजेसाठी आपणच आणली, कुणाला विचारलं नाही. साहेब शेजारीच बसले होते. आपण पेटी पाहिली होती, हे त्यांनी सांगितलं नाही. विमा मिळाला नाही. कारखान्यांनी एकेक करून काम काढून घेतलं. पुढच्या पावसाळ्याआधी कंपनी बंद पडली. साहेब मुंबईला दुसऱ्या नोकरीत गेले.

इंदुताईचं लग्न ठरत होतं, ते नोकरी गेल्यावर फिसकटलं. आता ती भोसरीला एका वर्कशॉपमध्ये नटबोल्ट पुड्यांत भरते. बसथांब्यावर ज्योतीराम दिसले की ती पाठ फिरवते. ते तिच्या पाठीलाच हात जोडतात. मी एकदा तिच्याजवळ विषय काढला. ती म्हणाली, "गुरुजी, चूक कुणाचीही होते. पण एक खोटं बोलले असते तर आम्ही जगलो असतो."

मी हे ज्योतीरामांना सांगितलं नाही. पण ते त्यांच्या कानावर आलंच होतं. एका सकाळी ते म्हणाले, "पोर बरोबर बोलती," आणि घरात गेले.