पाणी कुठं अडलं?

बापूसाहेब कर्णिक समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या पायांकडे पाहत. कल्याणच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली रुजू व्हायला गेलो, तेव्हा माझाही पाय बाकावर ठेवायला लावून त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला नाही, म्हणजे सूज नव्हती. "ठीक. आता नाव सांगा," ते म्हणाले. मी सबनीस म्हणून सांगितलं. "डॉक्टरीच शिकून आलात ना? मग डोकं फोडून घ्यायची तयारी ठेवा."

त्या म्हणण्याचा अर्थ मला आठवडाभरात कळला. खाडीकाठच्या गावांतून माणसं यायची ती सुजून, धापा टाकत, नाहीतर हळदीसारखी पिवळी पडून. सगळ्यांची मागणी एकच, सुजेवर औषध. बापूसाहेब उसळायचे. "सूज हा रोग नव्हे रे बाबा! खाजणातल्या शेतात खाडीचं पाणी तुंबलं तर नुसतं पाणी उपसत बसतोस, की बांधातल्या उघाडीची झडप नीट मिटते का ते बघतोस? पाणी कुठं अडलं ते मला शोधू दे." मग प्रश्न सुरू. सकाळी तोंड सुजतं, की संध्याकाळी पाय? जिना चढताना दम लागतो, की पडल्यापडल्या? ताप किती वर्षांचा? पोटात डाव्या अंगाला पानथरी दगडासारखी घट्ट लागते का? तोंड सुजणाऱ्याची लघवी ते काचेच्या नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवत. अंड्याच्या पांढऱ्यासारखा साका धरला की म्हणत, "मूत्रपिंड. रक्तातला कस गळतोय." पाय सुजणाऱ्याच्या छातीला ठोके ऐकायची नळी लावून डोळे मिटून बसत. तेवढा वेळ दवाखान्यात कुणी खोकलेलंही त्यांना खपत नसे.

कळव्याच्या मिठागरावरचा धर्मा म्हातारा मला अजून आठवतो. पोटऱ्या केळीच्या खांबासारख्या, ओठ जांभळे, बसल्याशिवाय श्वास नाही. बापूसाहेबांनी हृदय ऐकलं, मलाही ऐकवलं आणि हृदयाला जोर देणारे डिजिटॅलिसचे थेंब सुरू केले. सूज उतरली. म्हातारा स्वतःच्या पायांनी घरी गेला आणि सूज गेली म्हणून मुलाने थेंब बंद केले. पावसाळा सरायच्या आत त्याला परत आणलं ते डोलीतून. दोन दिवसांत तो गेला.

बापूसाहेब मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, "मला एकदा छाती उघडून त्याचं हृदय पाहू दे. मी शिवून परत देतो. बाहेरून काही दिसणार नाही."

मुलगा हात जोडून म्हणाला, "डाक्तर, तू लय केलंस. पन बापाला आता सुरी लावू नको."

मुलगा डोली घेऊन गेल्यावर बापूसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "सबनीस, माझ्या हाती कोण येतं? खाडीत बुडालेले, गाडीखाली आलेले. पोलीस आणून टाकतात आणि मी चिरतो. सगळ्यांची हृदयं धडधाकट! ज्यांची बिघडलेली, ज्यांच्यावर मी महिनामहिना राबलो, ती सगळी माझ्या नाकासमोरून जाळायला जातात. मी बरोबर होतो की चूक, हे मला कधी कळायचं?"

असं मी दरवर्षी पाहत आलो. त्यांनी विचारायचं, लोकांनी नाही म्हणायचं. लोकांचंही चुकत नव्हतं आणि त्यांचंही. त्यामुळे चिडायचं तरी कुणावर, हे कळत नसे.

पन्नाशी उलटली आणि त्यांना स्वतःलाच दम लागू लागला. एक दिवस बूट चढेना. त्यांनी नळी स्वतःच्या छातीला लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "डावी झडप. लहानपणी सांध्यांच्या तापाने अंथरूण धरलं होतं, तेव्हाच आखडली असणार."

मी त्यांची लघवी तापवली. गढूळ झाली. मी म्हटलं, "बापूसाहेब, मला तर मूत्रपिंड वाटतं."

"हृदय थकलं की रक्त मागे तुंबतं, मग मूत्रपिंडही गळतं. एवढंही शिकवलं नाही का तुम्हाला?"

"आणि मूत्रपिंड बिघडलं की हृदयावर ताण येतो, हेही शिकवलंय."

भांडलो आम्ही, अगदी कडाडून. त्यांच्या मताने त्यांनी डिजिटॅलिस घेतलं, ते उलटून पडू लागलं. मग माझ्या मताने नुसत्या दुधावर राहिले, सूज मांड्यांपर्यंत चढली. ठाण्याहून एक मोठे डॉक्टर बोलावले. त्यांनी उभ्याउभ्या नाडी पाहिली आणि अशक्तपणा आहे, विश्रांती घ्या, असं सांगून निघून गेले. बापूसाहेब उशीला टेकून हसले. "पाहिलंत? यांना पाणी आहे एवढंही दिसलं नाही."

त्यांचे धाकटे बंधू अण्णा पायाशी बसले होते. त्यांच्यादेखत बापूसाहेब मला म्हणाले, "सबनीस, मी गेल्यावर मला उघडा. डाव्या झडपेतून बोट जातं का पाहा. मूत्रपिंडं हातात घ्या, आकसलीत का पाहा. आपला वाद तरी मिटेल." अण्णा मान खाली घालून ऐकत होते.

ते गेले दुपारी. मी हत्यारं घेऊन पोचलो तर अण्णा अंगणात आडवे उभे.

"सबनीस, ती पिशवी घेऊन घरात जायचं नाही."

"अण्णा, तुमच्या समोर बोलले ते."

"बोलले. पण घरात लग्नाची मुलगी आहे. बेवारशी मढ्यासारखा बाप चिरला म्हटल्यावर तिला कोण करून घेईल?"

"निदान वहिनींना तरी विचारा."

"वहिनीला काय कळतं त्यातलं? आणि अशा वेळी विचारायचं तरी कसं?" ते रडत होते. मी पिशवी घेऊन मागे फिरलो. दिवस मावळायच्या आत खाडीकाठी सगळं आटोपलं.

तेरावं झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. दाराआडून त्यांनी विचारलं, "शेवटी काय होतं हो त्यांना? हृदय की ते दुसरं?"

"नक्की सांगता येत नाही, वहिनी."

मग त्या म्हणाल्या, "उघडून पाहण्याबद्दल मला त्यांनी आधीच विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. तुमची बोलणी चालली होती ना अंगणात, तेव्हा मी दाराशीच बसले होते. म्हटलं, कुणीतरी विचारायला येईल."