येळवशीच्या भज्जीचा निकाल

सत्यभामाबाईंचा स्वभाव तसा वाईट नव्हता. कुणाकडं बाळंतपण असो की मयत, पदर खोचून पहिल्या उभ्या राहणाऱ्या त्याच. फक्त धाकटी जाऊ सिताबाई हिचं नाव निघालं की बाईंच्या पोटात दुखायचं, आणि वर्षातून एक दिवस, येळवशीला म्हणजे वेळ अमावस्येला, हे दुखणं पार डोक्यात जायचं.

ढोकीपासून कोसभरावरचं त्यांचं गाव. ऐन थंडीतल्या त्या अमावस्येला सगळं गाव शेतात. कडब्याची कोप उभारायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, नैवेद्य दाखवायचा आणि मग आंबील-भज्जीवर ताव मारायचा. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, चिंच, बेसन, रानात हिरवं दिसेल ते सगळं एका हंड्यात शिजवायचं. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालायचं. ज्या कोपीवर माणसं जास्त, त्या घरची बाई वर्षभर मान ताठ करून पाणवठ्यावर जाणार.

वीस वर्षं ती मान सत्यभामाबाईंची होती. मग वाटण्या झाल्या, शेताच्या मधोमध बांध आला आणि बांधापलीकडं सिताबाईची कोप उभी राहिली. चार येळवशींत माणसं तिकडं सरकली. इकडं लोक दोन घास खाऊन तोंडदेखलं ‘झकास’ म्हणायचे आणि तिकडं जाऊन ‘वाढा, वाढा’ करायचे. वर ही सिताबाई इतकी साळसूद, की स्वतःचा नैवेद्य झाला की रिवाजाप्रमाणं थोरल्या जावेकडं भज्जीचा वानवळा धाडायची. बाई तो जिभेला न लावता बैलांपुढं ओतायच्या. बैल भांडं चाटून लख्ख करायचे, त्याचाही बाईंना राग यायचा.

निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती. गावात शाळा आली होती, विष्णुपंत गुरुजी आले होते आणि त्यांच्याबरोबर ‘पहिला नंबर’ हा शब्द आला होता. बाईंनी तो बरोबर उचलला.

“गुरुजी, लोक त्वांड बघून जेवत्यात,” त्या म्हणाल्या. “नाव झाकून चाखा. मंग कळंल कुनाच्या हाताला चव हाय ते.”

गुरुजींना कल्पना एकदम पसंत पडली. कोतवालानं बारा कोपींवरून बारा मातीचे परळ आणायचे, वर पळसाचं पान, बाजूला चुन्यानं आकडा. कुठला आकडा कुणाचा, ते शाळेतल्या एका पोरानं कागदावर टिपून घडी घालायची, ती निकालापर्यंत कुणी उघडायची नाही. गुरुजी धरून पाच पंचांनी चिंचेखाली बसून चाखायचं, दोन परळांमध्ये आंबिलीचा घोट घ्यायचा आणि मत उघड सांगायचं. घोंगड्या अंथरण्यापासून पंचांना दटावण्यापर्यंत सगळं बाईंनी अंगावर घेतलं. हंडा शिजवून सकाळीच त्या चिंचेखाली आल्या, त्या तिथून हलल्या नाहीत.

पंचही असे रंगात आले, की जन्मभर हेच करत असावेत. एकीत मीठ कमी, एकीला करपल्याचा वास, एकीत नुसतं बेसन. चौथ्या परळाला गुरुजी म्हणाले, “गोडी आहे, पण हात अजून नवखा.” नवव्या परळाशी मात्र त्यांनी डोळे मिटले. “हा जुना हात! चार नंबरवाली याच वळणावर जाते आहे, पण पोचायला तिला दहा वर्षं लागतील.” बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या.

कागद उघडला. नववा परळ सत्यभामाबाईंचा, पहिला नंबर. चौथा सिताबाईचा, दुसरा.

नारळ आणि खण घेऊन बाई आपल्या कोपीवर आल्या, तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. दारात सून तुळजा रडवेली उभी होती.

“आत्याबाई, तुमी आला न्हाईत म्हून आपली पूजा ऱ्हायली. कोतवाल परळ न्यायला आला. निवद न दाखवता आपली भज्जी कशी द्यावी? काकींचा वानवळा आला हुता, त्यांची पूजा झाली हुती... म्या तीच भरून दिली.”

बाईंनी नारळ-खण खाली ठेवला आणि कोपीत डोकावलं. त्यांचा हंडा तसाच गच्च भरलेला होता. शेजारी वानवळ्याच्या भांड्यात थोडी भज्जी उरली होती. त्यांनी बोट बुडवून चाटलं. आधी चिंच आली, मग हरभऱ्याची गोडी, मग कुठूनतरी भाजलेल्या तिळाचा वास. बाईंनी आणखी एक बोट घेतलं, मग आणखी एक. भांडं रिकामं झालं. असली भज्जी त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती, आणि हे कळल्यावर त्यांना सिताबाईचा गळा दाबावासा वाटला.

तेवढ्यात बांध ओलांडून सिताबाईच आली. तिनं वाकून नमस्कार केला.

“अक्का, गुरुजी बोलले ते खरं हाय. मला कुनी शिकीवलंच न्हाई. तुमची रीत सांगा की. फुडच्या येळवशीला तश्शीच करीन.”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तुळजा सासूकडं बघत होती. बाईंनी पदर सावरला.

“बस,” त्या म्हणाल्या. “तीळ अजाबात टाकायचे न्हाईत. चिंच नावाला. बेसन मोकळ्या हातानं.”

आणि आपली रीत त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न लपवता सांगितली.

पुढच्या वर्षी माणसं दोन्ही कोपींवर सारखीच बसली. दोन्हीकडं ‘झकास’ म्हणाली आणि उठली. सत्यभामाबाई सकाळपासून वानवळ्याची वाट बघत होत्या. वर्षभर ती चव त्यांच्या जिभेवरून गेली नव्हती. भांडं आलं तसं त्यांनी पांडवांकडं पाठ करून घाईनं घास घेतला. तो त्यांच्याच हंड्यातला असावा असा होता.

“अक्का,” बांधापलीकडून सिताबाईनं विचारलं, “जमली का?”

बाईंनी भांडं खाली ठेवलं.

“जमली,” त्या म्हणाल्या.