पाताळातल्या सात मशाली

दुपारचे चार वाजत आले होते आणि मला पाताळ हवे होते. सभागृहाच्या पश्चिमेकडील पाचही खिडक्यांतून ऊन थेट रंगमंचावर उतरत होते.

भोरमधील एका शाळेतील ही रंगीत तालीम. म्हणजे वेशभूषा, संगीत आणि दिवे यांसह होणारी शेवटची तालीम. प्रयोग दुसऱ्या दिवशी, याच वेळी. तो उशिरा ठेवणे शक्य नव्हते. किकवी आणि भोंगवलीच्या मुलींना सहाची एसटी गाठायची असते. मी चाळीस वर्षे नाटकांची प्रकाशयोजना केली. निवृत्तीनंतर उत्रोलीस राहतो. एसटीच्या वेळेस जुळेल असा अंधार पाडण्याचा प्रसंग मात्र पहिलाच.

अंधाराचा प्रश्न शेजाऱ्यांनी सोडवला. भाताच्या झोडणीसाठी घरोघर ताडपत्र्या असतात. त्या खिडक्यांवर बांधल्या. आत उकाडा झाला, परंतु अंधार झाला. उकाड्यासाठी उजव्या विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशात, उभा पंखा लावला.

नाटक इतिहासाच्या कांबळेबाईंनी लिहिले होते. कथा ग्रीक पुराणातील. धान्यदेवतेची मुलगी पाताळाचा राजा पळवून नेतो. त्या पाताळात हेकाटी नावाच्या देवीपुढे मशाली घेऊन चालणाऱ्या अप्सरा असतात. ग्रीक लोक त्यांना लांपाडीस म्हणत. त्यांच्या मशालींचा उजेड जो पाहील त्याचे भान हरपते, असा समज होता. बाईंनी हे वर्गात सांगितले तेव्हा भोंगवलीची वैष्णवी म्हणाली होती, "म्हंजे आपल्या आसराच की बाई. फकस्त पाण्यातल्या न्हाईत, इस्तवातल्या." आपल्या आसरा सात असतात, म्हणून बाईंनी ग्रीकांच्याही सात केल्या.

मुख्याध्यापकांची अट एकच होती. "खरी आग चालणार नाही." अट योग्य होती. मीही तीच घातली असती. लाकडी दांडे, वर बॅटरीचे दिवे, त्यांभोवती पांढरी मलमल आणि नारिंगी जिलेटिन, म्हणजे दिव्याला रंग देणारा पारदर्शक कागद. सात मशाली मी स्वतः बांधल्या. मला त्यांचा अभिमान होता.

ब्लॅकआउट केला. अप्सरा आल्या. एकीची मशाल कमरेशी लोंबत होती. दुसरी ती काखेत धरून ओढणी सारखी करत होती. तिसरीने ती जमिनीवर ठेवून पायातील पैंजण वर सरकवले. समोर बसलेल्या शिक्षकांपैकी कोणीतरी हसले. मग सगळेच हसले.

मुख्याध्यापक उठले. "बाई, हा प्रवेश काढून टाका. उद्या पालक हसतील."

"सर, या सात जणींना नाटकात दुसरं काम नाही."

"मग समूहगीतात उभ्या करा."

त्या सातांपैकी वैष्णवीने अंबाड्याचे आकडे काढायला सुरुवात केली. दोन महिने ती तालमीसाठी घरी उशिरा पोहोचत होती.

मी अर्धा तास मागून घेतला. दोष दिव्यात आहे, असे माझे निदान होते. जिलेटिन बदलले. डिमरवर, म्हणजे दिवे कमीजास्त करण्याच्या पेटीवर, रंगमंचावरील उजेड आणखी उतरवला. फरक पडला नाही.

वैष्णवीला न्यायला तिचे आजोबा सोपानराव आले होते. गोंधळात देवीपुढे दिवटी धरण्याचे काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. दिवटी म्हणजे तेलावर जळणारी हातातील मशाल. ते दाराशी उभे राहून पाहत होते.

"सायेब, एक बोलू का?"

"बोला."

"ह्या काय रानात डुकरं हाकाया निगाल्यात व्हय?"

"दिवे खोटे आहेत, आजोबा. खऱ्या आगीला परवानगी नाही."

"दिव्याचं न्हाई म्हनत म्या. हात बगा पोरींचे. इस्तू धरल्यावर हात असा ऱ्हातुय व्हय?" ते पुढे आले आणि नातीला म्हणाले, "पयली गोष्ट, अंबाडा घाल. आन त्यो दांडा उचल. दिवटी भुईला ठेवायची नसती."

"आज्या, त्यात बॅटरी हाय."

"मला दिसतंय. मी आंधळा न्हाई. उचल."

तिने उचलली. त्यांनी तिचे कोपर छातीपासून दूर केले. मशाल पुढे, किंचित बाहेरच्या बाजूस झुकलेली. अंगावर तेल गळू नये म्हणून. दुसरा तळवा वाऱ्याच्या अंगाला आडवा. पाऊल घासत, कारण झटक्याने ज्योत फडफडते. नजर ज्योतीच्या खाली, वाटेवर. तोंडाने विझवायची नाही. हात मोकळे करायचे तर दुसऱ्याच्या हातात द्यायची, आणि त्याने मूठ घट्ट धरल्याखेरीज आपली सोडायची नाही.

सातही जणींनी वीस मिनिटे एवढेच केले. मी डिमरला हात लावला नाही. जिलेटिनही पुन्हा पहिलेच लावले.

मुख्याध्यापकांनी पाहिले. "ठीक. पण उद्या पडद्याची दोरी माझ्याकडे राहील. एक जरी हसला, तरी पडदा पाडणार."

प्रयोगाला सभागृह भरले. मी डाव्या विंगेत डिमरपाशी होतो. समोर उजव्या विंगेत मुख्याध्यापक दोरी धरून उभे होते. सात मशाली अंधारातून पुढे आल्या. कोणी हसले नाही. पुढच्या रांगेतील एका बाईंनी मांडीवरचे मूल मागे ओढले. आणखी मागे दोघीतिघींचे हात जोडले गेले. मी तिकडे फार वेळ पाहिले नाही. पुढचा क्यू, म्हणजे दिवा बदलण्याची खूण, जवळ आला होता.

त्यानंतर अप्सरांनी उजव्या विंगेत जाऊन रिकाम्या हातांनी परतायचे होते. सहा मशाली घेऊन बंद करायला सहा मुली नेमलेल्या होत्या. सातवीसाठी कांबळेबाई होत्या, पण त्या संवाद पुरवण्यात अडकल्या. वैष्णवीने इकडेतिकडे पाहिले. मशाल खाली ठेवली नाही. मुख्याध्यापकांपुढे धरली.

"सर, घ्या. नीट धरा."

त्यांनी घेतली. त्यांची मूठ घट्ट झाल्यावरच तिने सोडली.

नाटक संपले. आई आणि मुलगी भेटल्या. मी पडद्यासाठी खूण केली. पडदा हलला नाही. पुन्हा केली. हलला नाही. अखेर ब्लॅकआउट करून मी प्रवेश बंद केला. टाळ्या अंधारातच झाल्या.

त्या अंधारात समोरच्या विंगेतील एक मशाल तेवढी दिसत होती. मुख्याध्यापकांनी ती पुढे, किंचित बाहेर झुकवून धरली होती. दोरी त्यांच्या हातातून सुटली होती. पंख्याचा वारा लागू नये म्हणून त्यांनी दुसरा तळवा ज्योतीला आडवा लावला होता. ते दिवे आदल्या दिवशी त्यांनी स्वतः उघडून तपासले होते.

ज्याच्याकडे पडद्याची दोरी असेल, त्याच्या हाती दुसरे काही देऊ नये, हे मी त्या दिवशी शिकलो. सर्व मुलींना सहाची एसटी मिळाली.